सिंदेवाहीत पडलेली रिंग, आणि अंतराळातून खाली येण्याची गोष्ट

धानपट्टा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास आमच्याकडे नागभीडच्या बाजूला लोक जेवायच्या तयारीत होते आणि आभाळातून एका ओळीत पेटते गोळे सरकत गेले. उल्का असती तर बोट दाखवेपर्यंत विझली असती. हे निवांत चालले होते. मागे ठिणग्यांची शेपटी, आवाज काहीच नाही. कोणी म्हणे विमान जळालं, कोणी म्हणे मिसाईल. मग कळलं, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला साधारण तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडली आहे आणि पवनपारकडे एक गोळा. नशीब म्हणा, कोणाला लागलं नाही. पोलीस आले, महसूलवाले आले, पुढं इस्रोची माणसंही पाहून गेली. वर फिरणाऱ्या वस्तूंची नोंद ठेवणारे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांच्या मते ते चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे अवशेष. रॉकेट उडालं फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे हा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती चकरा मारून आमच्याकडे उतरला.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर जाऊन आले, तेव्हापासून गावातली पोरं विचारतात, काका आपला माणूस आपल्या रॉकेटमधून कधी जाणार? म्हणून जुनी मासिकं काढून बसलो. जिकडं तिकडं वर जाण्याचंच वर्णन. उलटी गणती, धूर, टाळ्या. परत कसं आले ते दोन ओळींत उरकलेलं. माझं म्हणणं असं, की माणसाच्या अंतराळप्रवासात खरी कसोटी उतरण्याची आहे. अंतराळात पोचलेल्या यानांतून आजवर जे जीव गेले ते सगळे परतीच्या वाटेवर गेले. कक्षेत राहायला तासाला २८,००० किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. वर नेताना तो रॉकेट देतं. उतरताना तेवढा वेग काढून घ्यायचा, तोही जवळजवळ इंधनाशिवाय, हवेच्या घर्षणावर. भरलेली बंडी घाट चढवताना बैलांचा घाम निघतो, पण माणसं मरतात ती उतारावर.

यावर लिहा. माहितीत भर घाला, वाद घाला, चालेल.

बोंडअळी

पडायचं म्हटलं तर आमच्या यवतमाळात आधी कापसाचा भाव पडते भाऊ. रॉकेटचा नंबर मागून.

मास्तर_चिमूर

चांगला विषय काढलात. सुरुवात अंतराळात गेलेल्या पहिल्या माणसापासून, सोव्हिएत गागारिनपासूनच करू.

१२ एप्रिल १९६१. पृथ्वीभोवती एक फेरी, एकूण १०८ मिनिटं. शाळेत आपण इतकंच शिकवतो. प्रत्यक्षात परतताना त्याच्या गोल कुपीपासून, म्हणजे तो बसलेल्या भागापासून, मागचा यंत्रांचा भाग नीट सुटलाच नाही, तारांच्या जुडग्याला लटकून राहिला. दोन्ही तुकडे गरगर फिरत वातावरणात शिरले. शेवटी उष्णतेनं तारा जळाल्या तेव्हा कुपी मोकळी झाली. आणि गागारिन त्या कुपीत बसून जमिनीवर आलाच नाही! सात किलोमीटर उंचीवर तो आसनासकट बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या पॅराशूटनं उतरला, कारण कुपी जमिनीवर इतक्या जोरानं आदळायची की आत माणूस धड राहिला नसता. ही गोष्ट सोव्हिएत सरकारनं बरीच वर्षं लपवली. विमानविद्येच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार विक्रम मान्य व्हायला वैमानिकानं यानातच उतरायला हवं होतं.

तो उतरला व्होल्गा नदीजवळ सारातोव भागात, एका वावरात. तिथं एक बाई नातीला घेऊन बटाट्याचं काम करत होती. भगव्या पोशाखातला, पांढऱ्या टोपातला माणूस आभाळातून उतरून चालत येताना पाहून दोघी घाबरून मागे सरल्या. तो म्हणाला, भिऊ नका, मी आपलाच आहे, मला फोन कुठं मिळेल? अंतराळातून परतलेल्या पहिल्या माणसाला पहिलं कोणी पाहिलं असेल, तर ते वावरात राबणाऱ्या एका बाईनं आणि तिच्या नातीनं. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो, पोरं त्या नातीबद्दलच जास्त प्रश्न विचारतात.

वावरवाला

मास्तर, मले एक सांगा. ते रॉकेट एवढं जळत आलं, मंग ती रिंग आन गोळा शाबूत कसा राहिला? आमच्या इकडं काही लोक म्हणे ते मुद्दाम टाकलं.

पुण्यात_अडकलेला_वऱ्हाडी

वावरवाला भाऊ, मी पुण्यात धातूच्याच धंद्यात आहे, म्हणून सांगतो.

इंजिन बंद झालेला टप्पा मुद्दाम टाकायचं ठरवलं तरी असा नेमका टाकता येत नाही. रॉकेटचा रिकामा टप्पा कक्षेत सोडून दिला की वरच्या विरळ हवेला घासत घासत हळूहळू खाली येतो. नेमका कधी, कुठं पडेल हे शेवटच्या काही तासांपर्यंत धड सांगता येत नाही, आणि त्या काही तासांत तो पृथ्वीच्या कितीतरी फेऱ्या मारतो. अंदाज अर्ध्या तासानं चुकला की विदर्भाऐवजी दुसराच खंड.

जळण्याचं गणित धातूवर आहे. टाक्यांचा बराचसा भाग अॅल्युमिनियमचा. ते ६६० अंशांना वितळतं, म्हणजे वरच्या वर संपतं. टायटॅनियम वितळतं १,६६८ अंशांना. रॉकेटमध्ये इंधनाच्या टाक्यांना दाब द्यायला हेलियमचे गोल सिलिंडर असतात. आत धातूचं पातळ भांडं आणि बाहेरून कार्बनच्या धाग्यांचं घट्ट विणकाम. पवनपारच्या गोळ्याचे फोटो पाहा, तो त्याच जातीचा दिसतो. वरचे थर जळत, सोलत जातात आणि आतलं भांडं वाचतं. शिवाय गोळा आतून पोकळ, वजनानं हलका, त्यामुळं हवेत लवकर मंदावतो. जगभर शेतांत, वाळवंटांत असे गोळे सापडतात.

आणि चीनलाच शिव्या घालायचं कारण नाही. २०२३ च्या जुलैत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठं नळकांडं वाहत आलं, ते आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं निघालं. तिथल्या अंतराळ संस्थेनं तसं जाहीर केलं. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतच, फ्लोरिडात, एका घराच्या छपरातून धातूचा पाऊण किलोचा तुकडा आत आला. तो अंतराळ स्थानकावरून टाकून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या सांगाड्याचा होता. सगळ्यांच्याच अंगणात सगळ्यांचं पडतं.

आबाजी_वणी

तुम्ही पोरं २०२२ च्या रिंगीचं घेऊन बसलात. आम्ही स्कायलॅब पाहिलंय. म्हणजे पाहिलं नाही, पण भोगलं.

जुलै १९७९. पेरण्या आटोपत आलेल्या. रेडिओवर रोज सांगत, अमेरिकेचं अंतराळ स्थानक पडणार, कुठं पडेल ते नक्की नाही. वजन म्हणे ७७ टन! आमच्या गावात एकानं उधारी मागायला आलेल्याला सांगितलं, स्कायलॅब पडू दे, मग पाहू. घराघरांत कोंबड्या कापल्या गेल्या, उद्याचं कोणी पाहिलं म्हणून. आमची आजी मात्र म्हणाली, आभाळच पडायचं असेल तर निंदण तरी उरकून घ्या. शेवटी ११ जुलैला ते हिंदी महासागरावर तुटलं आणि तुकडे ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्सच्या बाजूला पडले. तिथल्या नगरपालिकेनं नासावर कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला, अर्धी गंमत म्हणून. कोंबड्या मात्र आमच्या गेल्या.

काटोलची_संत्री

आबाजी 😄

पण स्कायलॅब पडलं का, हे मी कॉलेजात शिकले तेव्हा फार आवडलं होतं. तिथली शेवटची तुकडी ८४ दिवस राहून फेब्रुवारी १९७४ मध्ये परतली. नासाला वाटलं होतं, ते रिकामं स्थानक वर टिकेल आणि नवं शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारं यान, तयार झालं की त्याला ढकलून उंच नेऊ. पण सूर्य अंदाजापेक्षा जास्त तापट निघाला. सौर हालचाली वाढल्या की वरचं वातावरण तापून फुगतं, स्थानकाला जास्त हवा घासते आणि ते लवकर खाली येतं. इकडं शटलला उशीर. संपलं.

धागाकर्त्यांशी थोडं भांडायचंय. चॅलेंजर शटलचं काय? २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले. तुम्ही "अंतराळात पोचलेल्या" असा शब्द घालून ते बाजूला सारलंत. वर जाणं सोपं आहे असं म्हणू नका.

धानपट्टा

ताई, बरोबर. सोपं कोणीच म्हणत नाही. पण चॅलेंजरनंतर काय शोधलं? चढताना बिघाड झाला तर माणसाला खाली कसं आणायचं, हेच. आपल्या गगनयानाची, म्हणजे आपली माणसं आपल्याच रॉकेटनं वर नेण्याच्या मोहिमेची, २१ ऑक्टोबर २०२३ ची चाचणी नेमकी त्याचीच होती. रॉकेट वर जात असताना संकट आलं असं धरायचं आणि कुपी ओढून दूर न्यायची. सुटकेची यंत्रणा चालली, पॅराशूट उघडले, कुपी बंगालच्या उपसागरात पडली. पण पाण्यात उलटी होऊन तरंगत होती. नौदलानं ती तशीच काढून आणली. माणूस आत असता तर उलटा लटकून बसला असता, म्हणून पुढं कुपी पाण्यात सुलटी करण्याच्या यंत्रणेवर भर आला. टीव्हीवर त्या दिवशी उड्डाण दाखवलं, उलटं तरंगणं फारसं नाही.

पॅराशूटचीच गोष्ट घ्या. गगनयानाच्या कुपीत एकूण १० पॅराशूट आहेत. आधी दोन छोटे, वरचं झाकण उडवायला. मग दोन, वेग मोडून कुपी स्थिर करायला. मग तीन छोटे, जे शेवटचे तीन मोठे ओढून काढतात. मोठ्या तिनांतले दोन उघडले तरी भागतं. कापड, दोऱ्या, घड्या आग्र्याच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेतल्या. २४ ऑगस्ट २०२५ ला जवळपास पाच टनांची नकली कुपी चिनूक हेलिकॉप्टरनं तीन किलोमीटर उंचीवर नेऊन सोडून दिली आणि ही सगळी मालिका तपासली. एवढा खटाटोप कशासाठी? २४ एप्रिल १९६७ ला सोयूझ १ या सोव्हिएत यानात कोमारोव वरून जिवंत परतत होता, मोठा पॅराशूट बाहेर आलाच नाही. राखीव उघडला तो गुंतला. कुपी शेतात आदळून जळाली.

मास्तर_चिमूर

आणि सोयूझ ११. ते तिघे, दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव, सल्यूत १ या जगातल्या पहिल्या अंतराळ स्थानकावर तीन आठवडे राहून येत होते. ३० जून १९७१. कुपी उत्तम उतरली, पॅराशूट उघडला, जमिनीवरच्या लोकांनी जाऊन दार ठोठावलं. उत्तर नाही. दार उघडलं तर तिघे आसनांवर शांत बसलेले, अंग अजून कोमट. १६८ किलोमीटर उंचीवर कुपीचे भाग विलग होताना हवेची एक झडप झटक्यानं उघडली होती आणि कुपीतली सगळी हवा निघून गेली. दाबाचे पोशाख अंगात नव्हते, कारण पोशाख घातले तर कुपीत तिघं मावत नव्हते! त्यानंतर कित्येक वर्षं सोयूझमध्ये दोघंच जात, पोशाख घालून.

लिओनोवची तऱ्हा आणखी निराळी. मार्च १९६५ मध्ये यानाबाहेर पहिल्यांदा तरंगला तो हाच. परतताना स्वयंचलित यंत्रणा बिघडली. हातानं उतरवलं, ते शेकडो किलोमीटर चुकून उरलच्या बर्फाळ जंगलात. जवळपास लांडगे, अस्वलं. त्यानं आणि सोबतच्या बेल्यायेवनं दोन रात्री तिथं काढल्या आणि शेवटी स्कीवरून बाहेर आले. पुढं सोव्हिएत अंतराळवीरांच्या सामानात तीन नळ्यांचं एक खास पिस्तूल असे, ते या अनुभवामुळं. ताडोबाच्या बाजूला कुपी उतरली तर आपल्यालाही विचार करावा लागेल.

बोंडअळी

ताडोबात उतरली तर आधी सफारीचं ऑनलाइन बुकिंग दाखवा म्हणतील.

बरं, हे सोडा. माझा प्रश्न पैशाचा. ती रिंग माह्या घरावर पडली असती तर भरपाई कोण देणार? चीन का तहसीलदार?

तालुका_वकील

कामाचा प्रश्न. १९७२ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, अंतराळातल्या वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीच्या जबाबदारीचा. ज्या देशानं वस्तू सोडली, किंवा ज्याच्या भूमीवरून सुटली, तो जमिनीवरच्या नुकसानीला पूर्ण जबाबदार. चूक कोणाची होती हे सिद्ध करायची गरजच नाही. पण मेख इथं आहे: दावा तुम्ही-आम्ही नाही करायचा. तो आपल्या सरकारनं त्या सरकारकडे करायचा, साधारण एका वर्षाच्या आत. म्हणजे तुमचा कागद तलाठ्याकडून दिल्लीपर्यंत आणि तिथून पुढं बीजिंगपर्यंत जायला हवा.

असा दावा झाल्याचं मोठं उदाहरण म्हणजे कॉसमॉस ९५४. जानेवारी १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला हा सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे दूरवर पसरले. कॅनडानं ६० लाख डॉलर मागितले, हातात ३० लाख आले.

आणखी एक. सापडलेली वस्तू तुमची होत नाही. १९६८ च्या करारानुसार मालक देशानं मागितली तर ती परत द्यावी लागते. पदरी पडलं पवित्र झालं, हे इथं चालत नाही. भंगारवाल्याला विकायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका.

वावरवाला

वकीलसाहेब, मले हेच म्हणायचं होतं. उपग्रह पाहिजेत, त्याले ना नाही. पाऊस कुठं आहे ते इन्सॅटच्या फोटोत दिसते, नागपूरचं सुदूर संवेदन केंद्र पीक मोजते, नकाशे देते. पन माणूस वर कायले पाठवता? गगनयानाले २०१८ मध्ये ९,०२३ कोटी मंजूर केले, आता वाढवून २०,१९३ कोटी केले. यंत्र पाठवा ना. चांद्रयान ३ मध्ये कोण बसलं होतं? २०२३ च्या २३ ऑगस्टले उतरलंच ना दक्षिण ध्रुवाकडं!

काटोलची_संत्री

वावरवाला काका, त्या २०,१९३ कोटींत भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भागही आहे, नुसतं गगनयान नाही. पण तुमचा मुद्दा टाकाऊ नाही. माहिती आणण्यासाठी यंत्र स्वस्त पडतं, हे मला मान्य आहे.

मी माणसाच्या बाजूनं का, ते सांगते. शुक्लांनी स्थानकावर मूग आणि मेथी अंकुरवली. ऐकायला घरगुती वाटतं, पण वजन नाही तिथं मुळाला खाली कुठं ते कळत नाही, पाणी मुळाशी न जाता थेंबाथेंबांनी चिकटून राहतं. चंद्रावर किंवा मंगळावर सहा महिने राहायचं तर डबा बांधून नेता येत नाही, तिथं पिकवावं लागेल. ते बियाणं, ते पाणी देणं, रोपाची पानं पिवळी पडली हे डोळ्यांनी ओळखणं, यासाठी शेती कळणारा माणूसच लागेल. आणि २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचं ठरलंय, तर त्या यादीत विदर्भातला कृषी पदवीधर का नसावा?

धागाकर्त्यांच्या मुद्द्यावर मात्र मी आले आहे, कोलंबिया शटलमुळं. कल्पना चावला गेल्या तेव्हा मी शाळेत होते. १ फेब्रुवारी २००३. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाला लागला. मोहीम पुढं दोन आठवडे छान चालली! पंखाला भोक पडलेलं यान दोन आठवडे वर राहू शकतं, खाली येऊ शकत नाही. उतरायला १६ मिनिटं असताना संपर्क तुटला. टेक्सासच्या खेड्यापाड्यांतले लोक नंतर रांगा धरून रानं तुडवत होते. ८०,००० हून जास्त तुकडे मिळाले.

पुण्यात_अडकलेला_वऱ्हाडी

म्हणूनच २०२४ मध्ये सुनीता विल्यम्सना त्यांच्याच स्टारलायनर यानातून परत पाठवलं नाही. हेलियमची गळती, थ्रस्टर (दिशा वळवणारी छोटी इंजिनं) रुसलेले. यान रिकामंच ७ सप्टेंबरला न्यू मेक्सिकोत उतरलं, तेही व्यवस्थित! लोक म्हणाले, मग उगाच नऊ महिने अडकवून ठेवलं. मला तो निर्णय पटला. कोलंबियाच्या वेळी "जाऊ द्या, होईल ठीक" असंच कोणीतरी म्हटलं होतं. चीननंही २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तेच केलं. त्यांच्या शेनझोऊ २० यानाच्या खिडकीला तडा गेलेला दिसला, कचऱ्याचा कण लागला असावा असा संशय. तर त्या तिघांना दुसऱ्या यानातून परत आणलं. लाडबोरीला ज्यांचं भंगार आलं, त्यांनाही भंगाराचा चटका बसलाच.

आबाजी_वणी

आता जे मोठं स्थानक वर आहे, त्याचं काय? ते पडलं तर आमच्या कोंबड्यांचं पुन्हा कठीण.

धानपट्टा

आबाजी, ते ४२० टनांच्या आसपास आहे, स्कायलॅबच्या पाचपटीहून जास्त. २ नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही ते रिकामं नाही. या दशकाच्या अखेरीस ते बंद करून मुद्दाम खाली ओढायचं ठरलंय. त्यासाठी वेगळं यान बनवायचं काम नासानं जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. ढकलायचं ते दक्षिण प्रशांत महासागरात, जिथून चारी दिशांना जमीन सर्वांत लांब आहे. रशियाचं मीर २३ मार्च २००१ ला त्याच महासागरात बुडवलं. कोंबड्या सुरक्षित आहेत.

वावरात काही सापडलंच तर मात्र एवढं ध्यानात ठेवा, सगळ्यांना सांगा. हात लावू नका. रॉकेटच्या काही टाक्यांत हायड्रॅझिन असतं, अत्यंत विषारी, आणि दाबाचा गोळा फुटूही शकतो. पोरांना लांब ठेवा, जनावरं हलवा, फोटो दुरूनच काढा आणि पोलीस पाटलाला किंवा ठाण्यात कळवा.

बोंडअळी

आन पंचनामा? तलाठ्याच्या फॉर्मवर कारण काय लिहायचं? अतिवृष्टी, गारपीट, वन्यप्राणी, एवढंच छापलेलं आहे.

तालुका_वकील

"इतर" असा एक रकाना असतो. त्यात लिहायचं आणि पोच घ्यायला विसरायचं नाही.